आगटीभोवतीचं दीव

पौष सरत आला की दौंडच्या बाजारात गोडीशेव आणि रेवड्यांचे ढीग दिसू लागतात, आणि कवठ्याहून आईचा फोन येतो. "कणसात दूध भरलंय बघ. लवकर ये, मग निब्बर व्हईल." एवढंच बोलून ती फोन ठेवते. हुरड्याला वाट बघता येत नाही. आज कोवळी असलेली ज्वारी चार दिवसांनी दाताला लागते. म्हणून शाळेत रजा टाकून मी शिरूरची गाडी पकडते आणि तिथून कवठे येमाई.

अलीकडे या रस्त्यावर 'हुरडा पार्टी'चे फलक लागलेत. पुण्याच्या मोटारी, झोपाळे, उंटावरची सवारी. आमच्या शेताला फलक नाही. आबा बांधाजवळ हातभर खड्डा घेतात, गोवऱ्या पेटवतात आणि आगटी धगधगली की कणसं निखाऱ्यात खुपसतात. मग ती भाजलेली कणसं तळहातावर चोळायची. हात पोळतात, फुंकर मारायची, भुसा उडतो आणि हातात उरतात ते हिरवे, ओलसर दाणे, धुराचा जरासा वास असलेले. लसणाच्या चटणीबरोबर पहिला घास तोंडात गेला की दुसऱ्या कुणालाही त्या मातीची, त्या धुराची आठवण यावी. मला खाऱ्या पाण्याची येते. मासळीच्या टोपल्या, तोफा, घंटा वाजणारी पांढरी चर्चं. दीव बेटावर मी आजवर गेलेली नाही. तरी ते गाव मला हुरड्याच्या वासात दिसतं, कारण एका हिवाळ्यात नंदाताईनं ते आमच्या बांधावर आणलं होतं.

नंदाताई माझी थोरली बहीण. दाजी दीपगृहांच्या सरकारी खात्यात कामाला. दिवे, त्यांची यंत्रं, जनरेटर सांभाळायचं काम. दुष्काळी गावातला माणूस समुद्राच्या नोकरीत कसा गेला याचं गावाला अजून नवल वाटतं. बदल्या व्हायच्या त्या किनाऱ्याकिनाऱ्यानंच, आणि असं फिरत फिरत ते दोघं दीवला पोचले. सौराष्ट्राच्या टोकाशी, खाडीपलीकडचं बेट. पूल ओलांडला की बेट सुरू. पूर्वेच्या टोकाला जुनं गाव, त्याच्या पुढे समुद्रात घुसलेला पोर्तुगिजांचा किल्ला, आणि दाजींचा दिवा त्या किल्ल्यात.

त्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन शिरूरला झालं आणि ताई तिच्या सेवेला महिनाभर राहायला आली. आईला काळा चष्मा, चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही. मग आई दुपारी शेतात येऊन आगटीपाशी बसायची. कांद्याची लागण चालू होती. उन्हं कलली की लागणीच्या बायका हातपाय धुऊन तिथंच यायच्या. मी शनिवार-रविवारी दौंडहून जायची. आणि हुरडा भाजता भाजता सगळ्या मिळून ताईला प्रश्न विचारायच्या.

पहिला प्रश्न पाण्याचा होता. आमच्याकडे नवीन सुनेलासुद्धा पहिलं तेच विचारतात.

"चारी अंगानी समुद्र म्हंजी प्यायला काय करत्यात गं?" हलीमाभाभीनं विचारलं.

हलीमाभाभी आमच्या शेजारची. तिचे मालक बैलांना नाल मारायचे. बैल गेले तसं ते काम गेलं, आणि पुढं तेही गेले. भाभी मात्र तरुणपणापासून आमच्या रानात येत आलेली. माझ्या जन्माआधीपासून.

"हायेत विहिरी," ताई म्हणाली. "काही गोड्या, काही मचूळ. किल्ल्यात तर पावसाचं पाणी साठवायला दगडी टाकी बांधलीत. वेढा पडला तर बाहेरनं घागर कोण आणणार?"

"वेढा कुणाचा?"

आणि मग तो वेढा सुरू झाला. त्या दिवशीची सगळी आगटी विझली तरी तो उठला नाही. ताईनं सांगितलं की त्या बेटापुढच्या पाण्यात फार जुन्या काळी मोठं आरमारी युद्ध झालं. एका बाजूला पोर्तुगिजांची जहाजं, दुसऱ्या बाजूला गुजरातच्या सुलतानाची, इजिप्तहून मदतीला आलेली, कालिकतची. तोफा जहाजावर, जहाजं पाण्यावर, आणि पाणी हलतंय. नेम कसा धरत असतील? हा प्रश्न आबांचा. ते लांब बसून गोफणीची दोरी वळत होते, त्यांचं लक्ष नाही असं आम्ही समजत होतो.

"जिंकलं कोण?" आबांनी विचारलं.

"पोर्तुगीज. मग पुढं किल्ला बांधला. त्यो घ्यायला दोनदा मोठे वेढे पडले, पण पडला न्हाई. आत माणसं थोडी, तटाला भगदाडं पडलेली. मग म्हणत्यात, आतल्या बायकांनी दगड-माती वाहून रातोरात भिंत उभी केली. त्यांच्या भाषेत त्यावर मोठमोठी काव्यं लिहिलीत. चर्चच्या जुन्या इमारतीत संग्रहालय हाय, तिथले सर सांगत होते."

हलीमाभाभी कणीस चोळत होती. ती थांबली. "आन् भायेरच्या बायांवर?"

"म्हंजी?"

"किल्ल्याच्या भायेर जे लढत हुते, त्यांच्याबी बायका असतील की. मेली असतील त्यांची माणसं. त्यांच्यावर काय लिवलंय का?"

ताईनं काडीनं निखारे जरा सारले. मग म्हणाली, "इचारून सांगते." आणि ती खरंच विचारायची. दर आठवड्याला मी गेले की तिच्याकडे दीवहून आलेली उत्तरं असायची. दाजी फोनवर विचारून सांगत. भाभीच्या प्रश्नाला उत्तर आलं की संग्रहालयातल्या सरांना माहीत नाही, असेल तर गुजरातीत नाहीतर फारसीत असेल, ते शोधून बघतील. भाभीला या उत्तरानं फार बरं वाटलं. आपल्या प्रश्नावर तिकडे समुद्राकाठी कुणीतरी पुस्तकं उघडून बसलंय, हे तिनं वस्तीवर सगळ्यांना सांगितलं.

मला त्या बैठकांमधलं काय आठवतं? खाडीच्या मधोमध उभा असलेला, जहाजासारखा दिसणारा 'पाणीकोठा' नावाचा दगडी किल्ला, जिथं पूर्वी कैदी ठेवायचे. आफ्रिकेतून आलेली म्हणतात ती ताडाची झाडं, ज्यांना फांद्या फुटतात. (आबांना हे अजिबात पटलं नाही. ताडाला फांदी? मग दाजींनी फोटो पाठवला.) दाढेत अडकलेल्या दाण्यासारखं मनात राहिलेलं एक चित्र मात्र निराळं आहे. गावाबाहेर समुद्रावरच्या टेकडीवर, एकाहत्तरच्या युद्धात बुडालेल्या आपल्या एका लढाऊ जहाजाचं स्मारक आहे. काचेत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. ताई सांगायची, तिथं कधी कधी बुडालेल्या खलाशांची, लांबच्या कोरड्या गावातली माणसं येतात, आपल्यासारखीच, डोक्यावर पदर, पायात साध्या चपला. फुलं आणलेली असतात. काचेवर ठेवायची की समुद्रात टाकायची, त्यांना कळत नाही. एक बाई बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी ती फुलं परत पिशवीत घालून घेऊन गेली.

"घरी देवापुढं ठेवली असतील," आई काळ्या चष्म्यामागून म्हणाली.

फ्लोराबा आमच्या आगटीपाशी आली ती घमेल्यामुळे. लागणीच्या बाईनं निखारे गोळा करायला घमेलं मागितलं आणि ताई हसायला लागली. म्हणाली, "हा शब्द फ्लोराबाचा हाय."

फ्लोराबा म्हणजे ताईची दीवमधली शेजारीण. ख्रिस्ती म्हातारी. गावात सगळे गुजराती बोलतात, ती पण बोलते, म्हणून 'बा', म्हणजे आई. पण घरात तिची एक वेगळीच बोली होती. शेकडो वर्षं पोर्तुगीज आणि गुजराती एका चुलीवर शिजून झालेली. ती बोलणारी माणसं आता फार थोडी. बेटावरचेच लोक तिला 'जुन्या माणसांची बोली' म्हणतात. ताईला तिच्यात अधूनमधून आपले शब्द ऐकू यायचे आणि ती दचकायची. चावी. बटाटा. पगार. मेस्त्री. मग कळलं की ते आपले नव्हतेच, तेच समुद्रातून आपल्याकडे आलेले.

"पगार पण?" लागणीची एक पोरगी म्हणाली. तिचा नवरा कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. "तरीच वेळेवर येत न्हाई. लांबनं यायचा ना!"

केवढं हसलो होतो आम्ही. आईला डॉक्टरांनी हसू नका सांगितलेलं होतं, ती डोळ्यावर हात धरून हसत होती.

फ्लोराबाकडे गाणी होती. पाळण्याची, लग्नातली, नवरीच्या आईला चिडवायची, मासळी साफ करताना म्हणायची. तिच्या आजीची, त्या आजीच्या आजीची. ती कुठं लिहिलेली नव्हती. किल्ल्यावर काव्यं झाली, तोफांवर झाली, ही मात्र चुलीपाशीच राहिली. तिची मुलं, नातवंडं पोर्तुगालात स्थायिक झालेली. दीवची पुष्कळ माणसं अशी गेली आहेत, गल्लीगल्लीत कुलपं दिसतात म्हणे. ताई तिच्याकडे पहिल्यांदा गेली ती ताक द्यायला. म्हातारी कोळंबी सोलत गुणगुणत होती. ताईनं विचारलं, हे काय आहे? एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

"रेकॉर्ड करून ठेव की मोबाइलवर," मी म्हणाले.

"केलं ना. मोबाइल दिसला की ती ताठ बसती आन् प्रार्थना म्हणती. हात कामात असले तरच तिला गाणं आठवतं. मग मीच शिकायला लागले. माझ्या चुका काढायला लागली की तिला पुढचं आठवतं."

आणि ताईनं त्या संध्याकाळी एक पाळणा म्हणून दाखवला. कवठ्याच्या बांधावर, समोर ज्वारी उभी, पलीकडे कांद्याचे वाफे. शब्द एकही कळत नव्हता. पण हलीमाभाभीचा हात कुठल्याशा अदृश्य पाळण्याची दोरी ओढत असल्यासारखा हलायला लागला होता.

महिना संपत आला तेव्हा दाजींच्या बदलीची बातमी आली. रत्नागिरीकडचं दीपगृह. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी पोचता येणार. आबांनी पेढे आणले. आई म्हणाली, आता दुखण्याखुपण्याला तू येशील. ताई पेढा हातात धरून बसली होती.

"मी उन्हाळाभर दीवलाच राहीन म्हणते," ती म्हणाली. "फ्लोराबाकडं."

आबांना आधी ऐकूच आलं नाही. मग आलं. "आन् जावई?"

"त्यांना सांगितलंय. ते म्हणले, राहा."

"त्यो म्हणंल! त्यो तुझ्या कुठल्या शब्दाला न्हाई म्हणलाय? तिकडं एकटा भाकरी थापत बसंल व्हय?"

"भात लावता येतो त्यांना."

"नंदे, ती म्हातारी तुझी कोण लागती?"

हा प्रश्न आबांनी रागानं विचारला होता. पण विचारल्यावर त्यांनाच त्याचं उत्तर हवं आहे असं वाटलं, कारण ते ताईकडे बघत थांबले.

"कुणी न्हाई लागत," ताई म्हणाली. "पण आबा, तिला एखादं गाणं आठवतं तवा समोर कुणीतरी बसाया लागतं. तिची माणसं लांब हायेत. आता मला निम्मी गाणी येत्यात. निम्मी तिच्यापाशी हायेत. ती गेली की माझ्या निम्म्याचं काय करू?"

आबा उठून गेले. त्या दिवसापासून ते ताईशी बोलेनात. गोठ्यात बसायचे, रानात जायचे, जेवायला आले की ताटाकडे बघायचे. भावकीतली माणसं येऊन सांगून गेली की बाईनं असं परमुलखात एकटं राहणं बरं दिसत नाही. ताई कुणाशी वाद घालत नव्हती. आईच्या डोळ्यात थेंब घालायची, कपडे धुवायची. तिचा चेहरा मात्र उतरला होता, आणि मला वाटायला लागलं होतं की ती जाणार नाही. मग एका दुपारी आई आबांना म्हणाली, "माझ्याजवळ बसली ना म्हैनाभर? तिच्याजवळबी बसंल. डोळं मिटून पडलं की जवळ माणूस असल्याचं काय असतं, ते मला ह्या म्हैन्यात कळलंय. जाऊ द्या तिला."

मला भेटून जाता यावं म्हणून ताई दौंडहून डेमू गाडीनं पुण्याला आणि तिथून पुढं जाणार होती. सकाळी मी स्टेशनवर गेले तर तिच्याबरोबर आबा. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, वर शेंगा. शिरूरच्या गाडीत ते तिच्याशेजारी बसून आले होते आणि, ताईनं नंतर सांगितलं, वाटेत एक शब्द बोलले नव्हते. दौंडचं फलाट तुम्हाला माहीत असेल तर तिथला गोंगाटही माहीत असेल. मालगाड्यांची धडधड, चहावाले, इंजिनं बदलायची घाई. आबांनी पिशवी डब्यात ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. गाडी सुटायला थोडा वेळ होता.

"नंदे," ते म्हणाले, "त्या किल्ल्यातल्या दिव्याचा उजेड म्हातारीच्या घरात पडतो का गं?"

ताईला अनपेक्षित होतं ते. "पडतो की. खिडकीतनं येतो, भिंतीवरनं फिरून जातो."

"सारखा?"

"सारखा."

आबांनी मान हलवली. काहीतरी मिटल्यासारखं. "मग बरं हाय," म्हणाले. "पीठ चाळून घे, तिला कोंडा बाधंल."

उन्हाळा गेला, पावसाळाही ताई तिकडेच होती. फोनवर ती सांगायची, आज एक सापडलं, आज म्हातारीला काहीच आठवलं नाही, आज आठवलं पण रडली आणि पुरं केलं नाही. भाकरी फ्लोराबाला आवडली होती. ती मासळीच्या कालवणाबरोबर खायची आणि ज्वारीला तिच्या बोलीत काय म्हणायचं यावर दोघींची एक दुपार गेली होती. पाऊस उघडला आणि फ्लोराबा गेली. ताई तिच्याजवळ होती. महिन्याभरानं पोर्तुगालहून मुलगे आले, सुना आल्या, चर्चमध्ये प्रार्थना झाली. घरी सगळे जमल्यावर कुणीतरी म्हणालं, आई एक पाळणा म्हणायची, तो कसा होता? मुलांना चाल आठवत होती, शब्द नाही. मग कोपऱ्यात सगळ्यांसाठी चहा गाळत असलेल्या ताईनं तो म्हटला. कवठे येमाईच्या शेतकऱ्याच्या मुलीनं, शेवटपर्यंत. थोरला मुलगा खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसला होता, असं ताई सांगते. त्याहून जास्त ती त्या दिवसाबद्दल सांगत नाही.

फ्लोराबाची नात इनेस तेव्हापासून ताईची विद्यार्थिनी आहे. ती लिस्बनमध्ये परिचारिका आहे. सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावते आणि ताई रत्नागिरीकडच्या त्या दीपगृहाच्या क्वार्टरमध्ये भाजी निवडत तिला शिकवते. दोघींची सामायिक भाषा गुजराती, तीही दोघींची मोडकीच. मी एकदा तिथं होते. ताई तिला रागावत होती, की शेवटचं अक्षर असं गिळू नको, तुझी आजी गिळत नव्हती. मला त्यातल्या कशाचं नवल वाटावं हेच कळेना, इतकं सगळंच नवल होतं.

यंदा इनेस हिंदुस्थानात आली. दीवला जाऊन आली आणि मग म्हणाली, मावशी, तुझं गाव दाखव. आई म्हणाली, हुरड्याला आणा तिला. म्हणून या रविवारी आमच्या बांधावर आम्ही सगळे होतो. आबा आता फार थकलेत, पण आगटी त्यांनीच पेटवली. हलीमाभाभी होती. इनेसचे तळहात पोळले, तिनं फुंकर मारली तर दाणेच उडाले, सगळे हसले. ती प्रत्येक गोष्ट विचारत होती. हे काय, ते काय, हे पाखरू कुठलं, या मातीला भेगा का. ताई मध्ये बसून इकडचं तिकडं करत होती. दिवस मावळतीला टेकला होता आणि उभ्या ज्वारीवरून गार वारं यायला लागलं होतं.

मग तिनं आबांकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"आबा," ताई म्हणाली, "ती इचारतीय, ज्वारी काढताना तुम्ही काय म्हणायचा?"

"कोण, आम्ही?" आबांनी मागे वळून पाहिलं, जणू तिथं आणखी कुणी आहे. "आम्ही काय म्हणणार? भलरी म्हणायचो. पण ते एकट्याचं काम न्हाई. पुढं एकानं म्हणायचं आन् बाकीच्यांनी मागनं उचलायचं. तवा कुठं हात चालायचं. आता मशीन येतं, त्याला कशाला भलरी लागती?"

ताईनं ते सांगितलं. इनेस म्हणाली, म्हणून दाखवा ना.

आबा लाजले. मी आबांना लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली, खाकरले. आणि समोरच्या ज्वारीकडे बघत पहिली ओळ उचलली. आवाज घोगरा होता, मध्येच फाटत होता, पण वर जात होता, लांबच्या माणसाला ऐकू जावा असा. ओळ संपली आणि ते थांबले. मागचं उचलायला कुणीतरी हवं होतं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आईचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. दीवची सगळी गाणी पाठ असलेली माझी बहीण आपल्याच बांधावर आ वासून बसली होती. आबा तसेच थांबले होते, ज्वारीकडे तोंड करून.

हलीमाभाभीनं हातातलं कणीस खाली ठेवलं नाही. ते चोळत चोळतच, मान खाली घालून, तिनं मागची ओळ म्हटली. आधी पुटपुटल्यासारखी, मग मोठ्यानं. नव्या नवरीच्या वयात याच रानात ओळीनं बसून तिनं ती म्हटलेली असणार. आबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पाठ सरळ केली आणि दुसरी ओळ उचलली. भाभीनं मागचं म्हटलं, या वेळी आईही तिच्याबरोबर होती. इनेसनं विचारलं की आता आम्ही काय म्हणायचं, आणि भाभीनं तिला हातानंच खूण केली, ऐक, एवढंच. तिसऱ्या वेळी मागचं उचलायला आम्ही सगळ्या होतो. शब्द चुकत होते, इनेसचे तर सगळेच, पण आबा थांबले नाहीत.